चाळणीआधीचं चित्र

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा मी तांब्याची तार गुंडाळत होतो. दोनशे बारावा वेढा चालू होता. मध्येच हात थांबला की मोजणी चुकते आणि सगळं उकलावं लागतं, म्हणून फोन वाजू दिला. तीनशे चाळीस पुरे केले, टोक पक्कं केलं आणि परत वाजला तेव्हा घेतला. इस्पितळातून मेव्हणी बोलत होती. "भावोजी, ताई गेली." ती मोजणी एवढी महत्त्वाची का वाटली, ते मला अजून कळत नाही.

पुढे घर आवरताना मेव्हणीने विचारलं, "भावोजी, तुमच्या यंत्रात काहीच दिसलं नव्हतं का हो?"

"दिसलं होतं बहुतेक," मी म्हणालो.

तिच्या हातातली उशी तशीच राहिली.

आमच्या कारखान्यात कॅन्सरची गाठ शोधायचं स्वस्त यंत्र बनतं; त्यातली तारेची गुंडाळी मी करतो. मोठ्या इस्पितळात अशा यंत्राला अख्खी खोली लागते. आमचं कपाटाएवढं आहे, लहान दवाखान्यांना परवडावं म्हणून. नवीन यंत्रात आधी घरचीच माणसं झोपवून बघायची, अशी आमची पद्धत. बायको हौसेनं आली.

"अहो, नीट बांधलंय ना? तुम्ही दुरुस्त केल्यापासून घरातला पंखा उलटा फिरतोय."

"पड गुपचूप. हललीस तर चित्र बिघडेल."

"तीस वर्षं तुमच्या घरात हलायला कुठं मिळालंय!"

चित्रात यकृतापाशी करडा डाग आला. मला काळजी वाटली, पण ती यंत्राची. मग हिच्या जागी नुसती पाण्याची बाटली ठेवून पाहिलं; पाण्यात गाठ कुठून असणार? तिच्यातही डाग होता, जरा डावीकडे. म्हणजे माझ्याच गुंडाळीत खोट आहे, असं मीच छातीठोकपणे सांगितलं. तारेचा सांधा नव्याने डाख देऊन जोडला. आमच्या इंजिनिअर मॅडमनी संगणकात असे डाग पुसून टाकायची सोय केली. तिला आम्ही चाळणी म्हणतो. चाळणी लावल्यावर बायकोचं तेच चित्र स्वच्छ झालं. मी ते घरी नेऊन दाखवलं.

"बघा, आतून तरी मी चकचकीत आहे," ती म्हणाली.

आठ महिन्यांनी तिचं पोट दुखायला लागलं. मोठ्या इस्पितळात यकृतातच गाठ निघाली.

मी कामावर परतलो तेव्हा तीन यंत्रं पेट्यांत भरून दवाखान्यांकडे निघायच्या बेतात होती. मी मॅडमना गाठलं.

"चाळणी काढा आणि पेट्या थांबवा."

"काका, बाटलीत डाग होता. मी डोळ्यांनी पाहिलाय."

"मीही पाहिलाय. पण हिचा डाग तोच होता का?"

मॅडमनी पेट्या थांबवल्या. चाळणी काढून पाच वेळा बाटली ठेवली, डाग एकदाही आला नाही. येणार कसा? सांधा मी कधीच नव्याने जोडला होता. त्यावरून काहीच ठरेना.

"काकूंचं चाळणीआधीचं चित्र जपून ठेवलंय," मॅडम म्हणाल्या. "बाटलीच्या जुन्या चित्राशेजारी लावलं की दोन्ही डाग एकच आहेत का ते कळेल. दोन मिनिटांचं काम आहे. पण तुम्ही म्हणाल तेव्हाच उघडेन."

मी "उद्या" म्हणालो.

डाग हिच्या गाठीचा असेल, तर ती यंत्राला दिसली होती आणि मीच ती पुसायला लावली. डाग यंत्राचा असेल, तर माझी चूक नाही, पण मग हिची गाठ आमच्या यंत्राला दिसलीच नाही. मग त्या पेट्यांत आम्ही काय भरून पाठवतोय? मला यातलं कुठलं खरं व्हायला हवंय, तेच कळत नाही. सकाळी एक वाटतं, जेवणाच्या सुट्टीत दुसरं.

रोज संगणकासमोरच्या स्टुलावर जाऊन बसतो. मॅडम माझ्याकडे बघतात, मी उठून तार गुंडाळायला जातो. हल्ली शंभराच्या आतच मोजणी चुकते.

दवाखान्यांचे फोन येतात. मॅडम त्यांना थोडं थांबा म्हणतात. तिन्ही पेट्या दाराशी आहेत. चित्र अजून उघडलेलं नाही.