पॉइंटरावांचं तिकीट

माझ्या नवऱ्याला माझ्या माहेरी सगळे पॉइंटराव म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक आहे. लिफ्ट दुरुस्तीसाठी कंपनी त्यांना सारखी विमानाने कुठे ना कुठे पाठवते. तिकीट कंपनीचं, पण त्यावर फुकट प्रवासासाठी मिळणारे पॉइंट यांचे. घरखर्चही सगळा एकाच कार्डावर, कारण त्याचेही पॉइंट मिळतात. आणि इतक्या वर्षांत या माणसाने त्यातला एक पॉइंट खर्च केलेला नाही. घरात लग्नं झाली, बाळंतपणं झाली, प्रत्येक वेळी एकच वाक्य: "खरी गरज पडू दे, मग बघ." मी म्हणायचे, अहो, दात कोरून पोट भरत नाही. ते नुसते हसायचे.

खरी गरज पडली ती ताईच्या फोनने. हृदयाची झडप बदलायची होती, उद्या सकाळीच. आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं, माझ्या वेण्या घातल्या, माझ्या फिया भरल्या, आणि स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. ती कधी कुणाला ये म्हणत नाही. त्या फोनवर मात्र म्हणाली, "आत नेण्याआधी तू दिसलीस की झालं."

माझं फोटो फ्रेम करायचं दुकान आहे. पॉइंटराव सुटीवर होते. लॅपटॉप घेऊन ते दुकानात आले आणि काच कापायच्या टेबलावर तो मांडून बसले. संध्याकाळच्या विमानात पैशांच्या तीन सीट होत्या. भाव ऐकून माझेही डोळे पांढरे झाले, खोटं कशाला बोलू? पण बँकेत तेवढे पैसे होते. पॉइंटांवर मात्र एकच सीट होती.

"भरा पैसे आणि मोकळे व्हा," मी म्हटलं.

"अगं, याच्याहून खरी गरज ती कोणती? आजच्यासाठीच तर साठवलेत."

त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क आनंद दिसला. माझी ताई तिकडे दवाखान्यात पडलेली आणि यांचा जणू सत्कार चाललेला. संताप आला. पण भीती वाटत असली की मी दुसऱ्याच्या खात्रीला धरून राहते. त्यांना करू दिलं.

बरेचसे पॉइंट होते कार्डावर. ते आधी विमान कंपनीच्या खात्यात वळते करायचे, मग सीट घ्यायची. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'प्रक्रिया सुरू आहे.' आणि तेच तिथे बसलं.

मी एका गिऱ्हाइकाचा फोटो बसवायला घेतला. पुठ्ठा मापाला कमी कापला. दुसरा घेतला, तोही वाकडा कापला.

"पैशांच्या किती राहिल्या?"

"दोन."

"आणि पॉइंटांची?"

"आहे गं. तू बघत नको बसूस, पाण्याकडे बघून पाणी लवकर उकळत नाही."

"मला उपदेश नको, तिकीट हवंय."

जरा वेळाने मीच वाकून पाहिलं. पैशांची एकच सीट उरली होती. "ती घ्या," मी म्हटलं. ते म्हणाले, वळते केलेले पॉइंट परत फिरत नाहीत, सगळे अडकून पडतील. मी म्हटलं, पडू देत, मसणात जाऊ देत तुमचे पॉइंट. गल्ल्यातून माझं कार्ड काढलं आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढायला हात घातला.

तेवढ्यात ते ओरडले, "आले! आले बघ."

त्यांनी बटणं दाबायला सुरुवात केली. टकाटक पुढे, पुढे, मान्य, मान्य. "झालं," म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. त्यांनी तिकीट माझ्या फोनवर पाठवलं, मी ते उघडलं. प्रवाशाचं नाव त्यांचं होतं. खातं ज्याचं त्याचं नाव आपोआप भरलं जातं. इतकी वर्षं ते एकटेच फिरत आले, नावाची ती चौकट त्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती.

मदतीच्या नंबरवरची बाई गोड आवाजात म्हणाली, नाव बदलता येत नाही. तिकीट रद्द केलं तर पॉइंट काही दिवसांत परत मिळतील, सीट पुन्हा मिळेलच असं नाही. फोन ठेवून पाहिलं तर पैशांची शेवटची सीटही गेलेली. त्यानंतरचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं. त्याचे पैसे मी आकडा न बघता भरले.

पण सकाळी कागदांवर सही करायला ताईजवळ घरचं कुणीतरी हवं होतं.

"तुम्ही जा," मी म्हटलं.

"ताईंना माझं तोंड बघवत नाही."

"आत्ता मलाही बघवत नाही. जा."

ते गेले. जाताना दारात घुटमळले, पण मी मान वर केली नाही.

सकाळी त्यांनी दवाखान्यातून फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि ताईच्या तोंडाजवळ धरला.

"काय गं," ताई म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "तिकिटाचा घोळ झाला म्हणे?"

"हो ना. मी दुपारी निघतेय, संध्याकाळी तुझ्याजवळ असेन."

ताई आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "दोघांच्या तिकिटाचे पैसे नव्हते का गं? मला सांगायचंस. मी दिले असते."

बँकेत पैसे होते, ताई. हे मी तिला कसं सांगणार होते? पैसे असून ही आली नाही, एवढं मनात घेऊन ती आत गेली असती.

"नव्हते गं ताई," मी म्हटलं.

"वेडी कुठली," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम सुटला. "मला वाटलं, तुला यावंसंच वाटलं नाही. मग ठीक आहे."

पलीकडे चाकांचा आवाज झाला. कुणीतरी बाजूला व्हा म्हणालं. फोन चालूच होता, आणि तो धरून उभ्या असलेल्या माणसाने आमचं सगळं ऐकलं होतं.

"नेलं त्यांना," ते म्हणाले. मी फोन ठेवला नाही. मग पॉइंटराव रडायला लागले.