अण्णांचं आपोशन

"काढ," शेषगिरीअण्णा म्हणाले, आणि रघुरामनं भिंतीतला प्लग ओढून काढला.

भुवनेश्वरीच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला. पडद्यावर युनिव्हर्सिटीतल्या एका मुलीचा अर्धा प्रबंध होता. तंजावुरातल्या ईस्ट मेन स्ट्रीटवरच्या या खोलीत ती असे प्रबंध टाइप करून द्यायची, आणि करंट जाऊन त्यांतली पानंच्या पानं गमावायची.

"मारलास की रे मशीन," ती म्हणाली.

"थांब, अक्का."

प्लग परत आत. मशीन घुरघुरलं, चार ओळी सरकल्या, आणि ते लॉगिनसाठी तिचं नाव विचारत उभं राहिलं. प्रबंध जागच्या जागी.

लिनक्स, मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, तिच्याकडे आधीपासून होतं, मासिकाच्या सीडीवर फुकट आलेलं, अण्णांनी घालून दिलेलं. नवी होती ती त्याच्या पोटातली फाइलसिस्टिम, डिस्कवर काय कुठे ठेवलंय ते सांभाळणारी, आज नुसती दाखवायला घातलेली. रघुरामनं ती नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं लिहिली होती आणि नदीवरून तिला वेण्णार म्हणत होता. जुन्या पद्धतीत करंट गेला, की मशीन उठल्यावर अख्खी डिस्क तपासत बसायचं. कधी सगळं सापडायचं, कधी नाही. वेण्णार काही बदलायच्या आधी काय बदलणार ते एका कोपऱ्यात टिपून ठेवायची. उठल्यावर तेवढा कोपरा वाचला की झालं.

भुवनेश्वरीनं यातलं काही ऐकलं नाही.

"अण्णा, तुमच्या कंप्युटर सेंटरात अहे का हे?"

"दिवाळीपासून अस्क्या मशीनींवर हेच. एक सोडलों नाही."

"मग राहूंदे, बाबा."

*

होमिओपॅथीचे डॉक्टर: अण्णांकडे अहे?

शिवगंगा तळ्याजवळचे ड्रॉइंग मास्तर: अण्णा काय म्हणतात?

मास्तरांची बायको: अण्णांचं बिघडलं नाही ना काही?

परदेशातले लोक मेलवर रघुरामकडे कोड मागत, चाचण्या मागत, भांडत. तंजावुरात कुणी कोड मागितला नाही. इथली रीत पंगतीची. पानं वाढलेली असतात, भातावर वाफ असते, पोरं चुळबुळत असतात. तरी वडीलधाऱ्यानं तळहातावरचं पाणी पिऊन आपोशन घेतल्याशिवाय घासाला कुणी हात लावत नाही. रघुरामला पहिली कमांड अण्णांनी शिकवली होती. रविवारच्या लिनक्स मंडळात ते बोलत, बाकीचे ऐकत. त्यांनी आपोशन घेतलं होतं. पंगत जेवत होती, आणि रघुराम दारात उभं राहून एकेका पानाकडे बघणाऱ्या यजमानासारखा

*

करंट गेला.

भर दुपारी, राजवाड्यामागच्या गल्लीत, अण्णांच्या सेंटरात. रघुराम वेण्णारची नवी आवृत्ती द्यायला आला होता. पंखे थांबले. यूपीएस केव्हाच मेलेला. अण्णा उगाच म्हणाले, "बाहेर बसूं ये."

"येईल की करंट इतक्यात."

आला. सगळी मशीनं एकदम उठली. रघुराम ती नाव कधी विचारतात याची वाट बघू लागला.

पहिल्या पडद्यावर एक आकडा आला. मग शेजारच्या. मग त्याच्या शेजारच्या. टक्के मुंगीच्या पावलानं सरकू लागले. रांगेतलं प्रत्येक मशीन आपली अख्खी डिस्क तपासत होतं.

वेण्णारमध्ये असा आकडाच नव्हता. तो दिसू नये म्हणून तर ती लिहिली होती.

अण्णा चष्मा पुसायला लागले.

"कधी काढलंत?"

"काढलों नाही."

"म्हणजे?"

"घातलोंच नाही, रे. पोरांचे प्रोजेक्ट अहेत. गेले तर आईबाप माझ्या दारात येतील."

"अक्काकडेही पोरांचे प्रबंधच अहेत."

"गेलं तिचं काही?"

"नाही."

"मग? चांगलंच केलास तू, मी तेच सांगितलों अस्क्यांना. वर्षभर दुसरे कुणी चालवून बघूंदेत, मग घालणारच होतों." अण्णांनी चष्मा चढवला. "भुवनेश्वरीला सांगू नक्को. एक उठली की पंगत उठेल. तुझंच नुकसान. कॉफी सांगूं?"

भीती वाटते म्हणाले असते तर रघुराम थांबला असता, वर्ष काय, दोन वर्षं. पण अण्णांनी तळहातावर पाणी धरलं होतं, ओठांना लावलंच नव्हतं. आणि बाकीच्यांना म्हणाले होते, जेवा.

कॉफी न घेता तो निघाला.

*

"अक्का, अण्णांकडे वेण्णार नाही."

भुवनेश्वरी टाइप करत होती. ओळ पुरी केली.

"काढली?"

"नव्हतीच."

"आणि तुझ्याकडे?"

"माझ्याकडे पहिल्या दिवसापासून तीच."

"तू रांधलास. तुझं तू खाशीलच." तिच्या आवाजात राग नव्हता. "माझं एक पान गेलं नाही, ते खरं. पण आता करंट गेला की धस्स होईल, रे. जुनं घालून दे."

डॉक्टरांनाही हे सांगावं लागणार होतं, मास्तरांनाही. त्यानं तिचं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं, वेण्णार पुसली, जुनी फाइलसिस्टिम घातली, प्रबंध परत आणले. एकेक तिलाच उघडून बघायला लावला. ती प्रत्येकाला मान हलवत होती. मग पिशवी उचलली, चपलांत पाय घातले आणि

*

करंट गेला.

रस्त्यावर ऑटोवाले ओरडत होते. करंट आला, मशीन उठलं, पडद्यावर आकडा आला.

"इतका वेळ लागतो याला? विसरलेंच होतें मी."

"लागतो."

"बस मग."

पिशवी मांडीवर घेऊन रघुराम स्टुलावर बसला आणि तिच्याबरोबर टक्के बघू लागला. त्याचं घर विजेच्या याच लाइनीवर होतं. तिथे बंद खोलीत त्याचं मशीन एव्हाना उठून, त्याचं नाव विचारत उभं असेल.