जाळी आणि भिंत यांच्यामधली फट

हृदयविकाराचा झटका आला बाबांना आणि खटला भरला गेला धाकटीवर. न्यायाधीश दादा, वकीलही दादाच. पुरावा म्हणून त्याने अतिदक्षता विभागाबाहेरच्या खुर्चीवर बसल्या बसल्या गोळ्यांचं पाकीट तिच्यासमोर धरलं.

"मोज. दोन जास्त उरल्यात."

धाकटीने मोजल्या नाहीत. तिला ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात ती स्वतः तापाने फणफणली होती, दोन दिवस तिला भिंतीवरचं घड्याळसुद्धा धड दिसत नव्हतं.

आई गेल्यापासून बाबा तिच्याकडेच राहत होते. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची, सकाळी त्यांना गोळी देऊन निघायची. दादा गावाच्या दुसऱ्या टोकाला. पंधरा दिवसांतून एकदा पाहुण्यासारखा यायचा आणि तपासनिसासारखा बोलायचा. चार वर्षांपूर्वी बाबांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत तारेची बारीक जाळी, म्हणजे स्टेंट बसवला, तेव्हा सगळी धावपळ त्याने केली होती. जाळी बसवणारे मोठे डॉक्टरही त्यानेच शोधले होते. त्या पुण्याईवर तो अजून बसून होता.

त्या दिवशी सकाळी दाढी करताना बाबा आरशासमोरच खाली बसले. दवाखान्यात नेल्यावर ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्ताची गुठळी ओढून काढली आणि वाट मोकळी केली. मोठे डॉक्टर दुपारी खाटेपाशी आले, कागद चाळले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "जुन्या स्टेंटमध्येच गुठळी झाली. गोळ्या चुकल्या की असंच होतं."

दादाने धाकटीकडे पाहिलं. त्याला आणखी काय हवं होतं?

डॉक्टरीणबाईंचं मात्र समाधान झालं नव्हतं. "चार वर्षांनी गुठळी का झाली, ते बाहेरून काढलेल्या एक्स-रे फिल्मवर कळत नाही," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांनी रक्ताच्या नळीत बारीक वायर घालून उजेडाने आतली भिंत बघू."

"नसती उठाठेव," दादा म्हणाला. "कारण समोर बसलंय."

पण खाटेवरून बाबाच बोलले. तीस वर्षं त्यांनी कारखान्यात पाइप फिटरचं काम केलं होतं. "गळती बघितल्याशिवाय मी कधी नळाला हात लावला नाही. बघू दे त्यांना."

तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी खाटेजवळ संगणक आणला. पडद्यावर नळीचा आडवा छेद होता, कापलेल्या खोडासारखा गोल, आणि कडेने चमकदार ठिपके.

"हे ठिपके म्हणजे स्टेंटच्या तारा. या बाजूला त्या भिंतीला टेकल्यात, वर सायीसारखा पातळ थर आलाय. तो यायलाच हवा. आता इथे बघा."

दुसऱ्या बाजूचे ठिपके भिंतीपासून सुटे, अधांतरी लोंबत होते. मध्ये काळी फट. तारांना गुठळीचे तुकडे चिकटलेले.

बाबांनी चष्मा सारखा केला. "मापाला लहान बसलीय. फटीत गाळ साचणारच."

"तसंच काहीसं. उघड्या तारांवर रक्त गोठतं. कधी कधी भिंत नंतर मागे सरते, पण जुनी फिल्म बघता जाळी पहिल्यापासून लहान होती असं मला वाटतं. तेव्हा आतून पाहिलं नव्हतं, म्हणून शपथेवर सांगणार नाही. काल मोठा फुगा फुगवून तारा भिंतीला टेकवल्यात."

धाकटी दादाच्या देखत म्हणाली, "मला ताप होता तेव्हा दोन दिवस गोळी चुकली."

"ऐकलंत?" दादा म्हणाला.

"दोन गोळ्या चुकल्याने फट पडत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गुठळीला त्यांचा अजिबात हातभार नसेल, असंही मी म्हणणार नाही."

"आणि मी काय कुकुलं बाळ आहे?" बाबा दादावर उखडले. "पोर तापात पडली होती. गोळी मला उठून घेता येत नव्हती का? तिला पाणी द्यायलाही मी उठलो नाही. ते लिही तुझ्या वहीत."

दादा उठून बाहेर गेला.

घरी सोडायच्या दिवशी कागद हातात आला. धाकटीने तो सवयीने ओळ अन् ओळ वाचला. 'रुग्णाने औषधे अनियमित घेतल्यामुळे.' फटीबद्दल अक्षर नाही. ती कागद घेऊन थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. मागोमाग दादा, तिला अडवायला.

"हे अर्धंच आहे," ती म्हणाली.

"बाई, इथे शुद्धलेखन तपासत नाहीत."

"दोन दिवस चुकले ते लिहा. मीच सांगितलंय. फट दिसली तीही लिहा. नाहीतर दोन्ही खोडा."

"वीस वर्षं मी हे काम करतोय. कालची मुलगी चार चित्रं दाखवते आणि तुम्ही मला शिकवायला येता?"

"चल," दादा तिचा दंड धरून म्हणाला. "शोभा करू नकोस."

तिने दंड सोडवून घेतला आणि समोरच्या खुर्चीत बसली. "मी थांबते. मला घाई नाही."

डॉक्टरांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं आणि या दोघांसमोरच त्यांची हजेरी घेतली. कोणाला विचारून चित्रं दाखवलीत, नातेवाइकांना भडकवायचा पगार घेता का, असं बरंच काही. त्या ऐकून घेत होत्या. त्यांचे कान लाल झाले होते. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "सर, तपासणीचा अहवाल मी सही करून जोडलाय. तो आता काढता येणार नाही."

अर्ध्या तासाने नवा कागद आला. त्यात दोन्ही गोष्टी होत्या. धाकटीने तो दोनदा वाचला.

"जिंकलीस," दादा जिन्यात म्हणाला.

"बाबांचं हृदय कमजोर झालंय, दादा. यात कोण जिंकलं?"

गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत तो पुढे गेला आणि बाबांना आणि तिला न घेताच निघून गेला. धाकटीने रिक्षा केली.

पुढे तो पंधरा दिवसांतून एकदा येत राहिला, पण बोलायचा फक्त बाबांशी. धाकटीने पाणी पुढे केलं तर पेला तसाच ठेवून उठायचा. चूक झाली असं तो म्हणाला नाही. तिनेही कधी विषय काढला नाही. बाबा आता स्वतःची गोळी स्वतः घेत होते.

तीन महिन्यांनी तपासणीला गेले तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी मान वर न करता दुसरीकडे पाठवलं. धाकटीने नर्सला डॉक्टरीणबाईंबद्दल विचारलं.

"त्यांना वरून हलवलं. तळमजल्यावर ओपीडीत बसवलंय, सर्दीखोकल्याच्या पेशंटमध्ये. रांग फार मोठी असते."

बाबांनी काठी उचलली. "चल खाली," ते म्हणाले, आणि दोघं जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले.