बॅटरीखालचा नंबर

फौजेतल्या माणसाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. प्राण जाईल, पण सही फिरायची नाही. लोणंदच्या बाजूला हे सगळ्यांना सांगत हिंडणारे माजी हवालदार हंबीरराव आपली सही परत मागायला साताऱ्यात मोबाईल कंपनीच्या काउंटरपुढे उभे होते. पाचला वीस मिनिटं कमी होती.

करार तीन वर्षांचा. पहिल्या पंधरा दिवसांत फोन परत केला तर सुटका, आणि पंधरावा दिवस आजचा.

"आन उद्या आनला तर?"

"मग उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं एकदम भरायचं, काका," काउंटरवरची अक्षता म्हणाली.

"म्हंजे ठेवला तरी तेवढंच, सोडला तरी तेवढंच? मग सोडून मानसाला मिळतं काय?"

अक्षतानं प्रामाणिकपणे विचार केला. "काही नाही."

"अगं पोरी, फौजेनंबी आमाला पंधरा वर्सं बांधून घेतलं, पर जेवायला घालत हुती!"

भाड्यापायी अर्धी पेन्शन जाणार होती. फोन घेतला होता लेकीसाठी, रेश्मासाठी. मिरजेच्या आप्पासोंनी आपल्या मुलासाठी तिला पाहिलं, 'कळवतो' म्हणाले, आणि हंबीररावांनी ऐटीत मोबाईल घेऊन नंबर धाडला. गावात रेंज नव्हती. चौदा दिवस ते टेकडीवर जाऊन बसले. कुणी काही कळवलं नाही. रेश्मा घरात बोलेनाशी झाली.

"फोन बंद करून बॅटरी काढा. तिच्याखालचा नंबर फॉर्मवर लागतो. पाचला कॉम्प्युटर बंद होईल."

हंबीररावांनी बटणावर बोट ठेवलं, आणि फोन वाजला.

"पावणं, मी आप्पासो. जयराज नोकरीला हाय त्या दवाखान्यातनं बोलतोय. कसं काय?"

मुलाच्या बापाला 'मुद्द्याचं बोला' म्हणणारा मुलीचा बाप अजून जन्मायचाय. त्या काळी आलेल्या फोनलाही पैसे लागत; हंबीररावांना मिनिटाला आठ रुपये पडत होते. आप्पासोंना काहीच पडत नव्हतं, आणि ते तसंच बोलत होते. आधी ऊस. मग तोडणीची टोळी. मग गुडघा, आधी डावा.

"काका, पाच मिनिटं राहिली," अक्षता कुजबुजली.

हंबीररावांनी तिला एकाच हातानं नमस्कार केला. कपाळावरचा घाम फोनवर ठिबकत होता. "व्हय, व्हय... आरारा, उजवाबी धरला म्हंता?"

पाच वाजले. कॉम्प्युटर विझला. अक्षतानं कोरा फॉर्म हलकेच उलटा ठेवला.

हंबीरराव भिंतीला टेकून खाली बसले. आता गमावायचं काही उरलं नव्हतं, तेव्हा त्यांना धीर आला.

"आप्पासो, पाया पडतो. आमच्या रेश्माचं काय ठरलं तेवढं सांगा!"



"पावणं, सोयरिकीचं बोलनं फोनवर करू न्हाई. रविवारी समक्ष या, बसून बोलू. आन आता जरा फोन ठिवता का? दवाखान्याचा हाय, लय येळ अडवून बरं दिसत न्हाई."