पहिला चमचा

आमच्या बाबांनी जन्मभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त केल्या आणि स्वतः राहिले बिनलिफ्टच्या चौथ्या मजल्यावर. आईची पहिली तक्रार हीच. लग्न होऊन आली त्या दिवशी जी सुरू झाली ती अजून चालू आहे. बाबा हसून म्हणायचे, "अगं, जितकं वर तितकं देवाच्या जवळ." आई म्हणायची, "हो, या पायऱ्याच पोचवणार आहेत मला त्याच्याकडे." तेव्हा गंमत वाटायची.

मग बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलातून आणलं तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून वर चढवलं आणि आई मागून धापा टाकत म्हणत होती, "नको झालंय बाई, नको झालंय."

तेव्हापासून घरात हाच जप. चादर बदलताना नको झालंय, गोळ्या कुटताना नको झालंय, खिडकी लावताना, खिडकी उघडताना. मी तिला दोष देत नाही. खरं सांगू का, देते. दिवसभर लॉण्ड्रीत वाफेच्या इस्त्रीपुढे उभी असते मी. घरी येते तेव्हा पाय भरून आलेले असतात, आणि दारातच हिचं पुराण सुरू. वर म्हणते, "तू तरी सुटतेस बाहेर." सुटते म्हणे! तिथे जाऊन मी पाय पसरून बसते ना.

जेवणाआधीची प्रार्थनाही बंद झाली होती. ती बाबांची. प्रार्थनेशिवाय त्यांनी कधी घास तोडला नाही, दुसऱ्याला तोडू दिला नाही. प्रार्थना तरी केवढीशी! "प्रभू, दिलंस. आभारी आहोत. रांधणारीला बळ दे. आमेन." हॉस्पिटलातून आल्यावर पहिल्याच जेवणाला मी आईकडे बघितलं, तर ती म्हणाली, "कशाचे आभार मानू, सांग. जेव मुकाट्याने." मीही जेवले. वाद घालायला अंगात त्राण कुठे होतं?

बाबांना सगळं घट्टसर करून द्यावं लागायचं, नाहीतर ठसका लागे. पण पहिला चमचा ओठांशी नेला की ओठ गच्च मिटलेले. नजर आईकडे, मग माझ्याकडे, परत आईकडे. आई वैतागायची, गाल दाबून चमचा आत सारायची. अर्धं पोटात, अर्धं टॉवेलवर. बाबा वाळत चालले. घरी तपासायला येणारी नर्सबाई म्हणाली, "सोमवारी येते. असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल." हॉस्पिटलात ती नळी बाबांनी उपसून काढली होती, आणि मग त्यांचा चांगला हात पलंगाला बांधून ठेवला होता. ते मी पाहिलंय. पुन्हा पाहायचं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात बाबा बोलले. आईने चमचा पुढे केला आणि ते स्पष्ट म्हणाले, "नको झालंय."

मी घरी आले तर आई जिन्यातच बसलेली. "त्यांना जगायचं नाहीये गं," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती गप्पच झाली. कुरकूर नाही, काही नाही. जेवेनाही. तिची कटकट परवडली, पण हे नको, असं झालं मला.

रविवारी मी एकटीच चर्चमध्ये उपासनेला गेले. पाळकसाहेब बायबलातल्या, गुलामीतून सुटून रानात भटकणाऱ्या लोकांबद्दल बोलत होते. समुद्रातून वाट मिळाली, रोज सकाळी आभाळातून अन्न मिळालं, तरी तंबूच्या दारात बसून कुरकूर. म्हणाले, "कुरकूर तोंडातून बाहेर पडते खरी, पण बाहेर जात नाही. घरातच राहते." माझ्या मनात आलं, यांना एकदा चौथ्या मजल्यावर चादरी बदलायला बोलवावं.

घरी येऊन बाबांचे केस विंचरायला घेतले. हे त्यांना फार आवडतं. डोळे मिटून, मान माझ्या हाताशी टेकवून, सुखात ते म्हणाले, "नको झालंय."

माझा कंगवा थांबला. आधी एक सुस्कारा, मग 'नको'वर जोर, मग शेवट लांबवलेला. सगळं हुबेहूब आईचं.

आई घट्टसर केलेलं सूप घेऊन आली. हळू सांगायला हवं होतं, पण माझ्या जिभेला कुठलं हाड. "आई, त्यांना मरायचं नाहीये. ते तुझं वाक्य आहे. आल्यापासून या घरात दुसरं ऐकलंय काय त्यांनी?"

आई चिडेल असं वाटलं होतं. ती खुर्चीत बसली, वाडगा मांडीवर. बराच वेळ सूप ढवळत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी यांना हेच भरवत होते."

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

तिने पदराला हात पुसले, बाबांचा डावा हात हातात घेतला. डोळे मिटले. "प्रभू," म्हणाली, आणि थांबली. "प्रभू, दिलंस." आवाज अगदी थकलेला, त्यात भाव वगैरे काही नव्हता. "आभारी आहोत." पुढे गाडी अडली. "पुढचं माझ्याच्याने नाही म्हणवत गं. मीच माझ्यासाठी कसं मागू?"

मग मी म्हटलं, "रांधणारीला बळ दे. आमेन."

डोळे उघडले तर बाबांनी तोंड उघडलेलं होतं. चमचा अजून वाडग्यातच होता.

आई बघतच राहिली. "थांबले होते," ती म्हणाली. "इतके दिवस प्रार्थनेसाठी थांबले होते. आणि मी त्यांचे गाल दाबत होते."

या वेळी चमचा नीट आत गेला. बाबांनी गिळलं, सगळं. मग तिच्याकडे बघून अगदी प्रेमाने म्हणाले, "नको झालंय."

"शिकवलं तेच म्हणणार बिचारे," आई त्यांची हनुवटी पुसत म्हणाली. "आता दुसरं शिकवते."

सूप एव्हाना गार झालं होतं. त्याबद्दल काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, परत मिटलं, आणि दुसरा चमचा भरला.