शंभूच्या खिशातला ओळंबा

मी एक जुना वजनकाटा आहे मित्रांनो, आणि खरे सांगायचे तर सध्या मी चिडलेला आहे. वारज्यातल्या एका दवाखान्यात, टीबीच्या खोलीत, दाराला लागून मी उभा असतो. माझ्यावर उभे राहायचे आणि दांडीवरचे वजन सरकवत न्यायचे, की आकडा कळतो. मला सेल लागत नाही, वीजही लागत नाही. फक्त एक माणूस लागतो.

कसबा पेठेतल्या एका लहानशा कारखान्यात दिगंबरपंत नावाच्या कारागिराने मला घडवले. मला बाहेर धाडण्याआधी ते स्वतः माझ्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "नीट बोल बाबा. दवाखान्यातला काटा चुकला तर माणूस हकनाक जातो." ते शब्द मी कधी विसरलो नाही.

इथे माझी सगळी शान मैनाताईंमुळे होती. त्या एका संस्थेकडून आल्या होत्या आणि संस्थेचा निधी अमेरिकेतून येई. टीबीच्या गोळ्या सहा-सहा महिने घ्याव्या लागतात. त्यांनी मळमळते, जीव नकोसा होतो आणि माणूस मध्येच गोळ्या सोडतो. मग तोच आजार दुप्पट जोराने उलटतो आणि घरच्यांनाही धरतो. म्हणून मैनाताई दर सोमवारी प्रत्येकाचे वजन करत. वजन वाढले की गोळ्या पोटात जात आहेत. घटले की ताई त्याच संध्याकाळी त्याच्या दारात हजर.

त्यांची एक रीत होती. कोणी माझ्यावर चढला की त्या आधी हात पुढे करत. "चपला काढा. खिसे रिकामे करा."

ही रीत शंभूमुळे पडली. शंभू वाशीमकडचा गवंडी. एका सोमवारी त्याचे वजन एकदम अर्धा किलो वाढले. ताईंनी त्याच्या खिशाकडे पाहिले आणि हात पुढे केला. शंभूने मान खाली घालून ओळंबा काढून दिला. भिंत सरळ आहे का ते पाहायचा, दोरीला बांधलेला लोखंडी गोळा.

"गोळ्यांनी उलट्या होते मले," तो म्हणाला. "उलट्या झाल्या का काम नाई होत, ताई."

"मग तसं सांगा ना. गोळ्या तुम्ही खायच्या आहेत शंभूभाऊ, ओळंब्यानं नाही." त्यांनी डॉक्टरांना सांगून उलटीचे औषध मिळवून दिले, आणि तीन महिन्यांत शंभू त्रेचाळीस किलोंवर आला.

मग एक पत्र आले. अमेरिकेने हात आखडता घेतला होता. आधी आमचे घर, मग जग, असे म्हणे. घर आपले, त्यांनी जरूर पाहावे. पण टीबीचा जंतू कोणाच्या फाटकावर 'कोण आहे?' विचारायला थांबतो का? मी लोखंडाचा, मला एवढे कळते. ज्यांच्याकडे मोठमोठे शहाणे आहेत त्यांना कळू नये, याचाच मला संताप येतो. मैनाताईंची नोकरी गेली. निघताना त्यांनी मला फडक्याने पुसले. पाण्याची बाटली मात्र खिडकीत विसरल्या.

आता खोलीत एकटे रावसाहेब कंपाउंडर उरले. माणूस वाईट नाही. पण इंजेक्शने त्यांनीच द्यायची आणि चार वह्याही त्यांनीच भरायच्या. "चढा. उतरा. पुढचे," एवढेच ते म्हणत.

पहिल्या सोमवारी शंभूच्या खिशात पुन्हा ओळंबा आला. पुढे कमरेला हातोडी आली, मग सदऱ्याखाली छिन्नी. वहीत त्रेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. "छान, सुधारतोय," रावसाहेब म्हणाले. मित्रांनो, मी खोटे बोललो नव्हतो. शंभू आणि त्याची हत्यारे मिळून चव्वेचाळीसच भरत होती. मला सगळे ठाऊक होते आणि तोंड नव्हते. दांडी थरथरवून पाहिली, तर रावसाहेब म्हणाले, "काटा जुना झालाय."

आज सोमवारी शंभू माझ्यावर उभा असताना मैनाताई आत आल्या. त्या आता कोथरूडच्या एका क्लासमध्ये फोन घेतात. बाटली न्यायला आल्या होत्या. शंभूला पाहताच सवयीने त्यांचा हात पुढे झाला. त्याने ओळंबा दिला. मग हातोडी. मग छिन्नी. माझी दांडी धाडकन खाली बसली. ताईंनी तिच्यावरचे वजन मागे सरकवले.

साडेएक्केचाळीस.

"दोन महिने झाले गोळ्या सोडून," शंभू म्हणाला. "उलटीचं औषध सरलं, अन् कोनी इचारलंच नाई." आणि तो खोकत खाली बसला. त्याची बायको कौशल्या दाराबाहेर होती. तीही खोकत होती.

रावसाहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "अहो मैनाताई, सोमवारी तासभर येता का?"

"येईन," त्या म्हणाल्या. "पण आपल्या वहीत साठ नावं आहेत. आणि असे दवाखाने किती?"

रावसाहेबांनी वहीतले चव्वेचाळीस खोडले.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल, तुमच्यातले कोणी मोठ्या खुर्च्यांवर बसतील. जगातून अंग काढून घेतले म्हणजे आपले वजन वाढले, असे कोणी सांगितले तर शंभूला आठवा. त्याचाही आकडा वाढला होता. आणि काटा पुसा, न पुसा, पण हात पुढे करणाऱ्या माणसाला घरी पाठवू नका. बाहेर कौशल्या अजून खोकते आहे, आणि तिचे वजन अजून कोणी केलेले नाही.