तुळसाताईने पारखलेला बार

मित्रांनो, मी एक जुना बार आहे. घरी सांगताना मात्र ‘चेनसॉचा बार’ असं पूर्ण सांगा, नाहीतर उगाच गैरसमज व्हायचा. झाडं कापायच्या मशीनला पुढे तलवारीसारखी लांब, चपटी पट्टी असते ना, ती म्हणजे मी. माझ्या कडेला एक खाच आहे आणि त्या खाचेतून दातेरी चेन गरगर फिरते. कापते ती, आवाजही तिचाच, आणि कौतुकही तिचंच होतं. मी फक्त तिला सरळ रस्त्यावर ठेवतो. घरात असं एक माणूस असतंच, तुमच्याही असेल.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण माझं नशीब उघडलं नागदेवीच्या गल्लीत, भावेशभाईच्या हार्डवेअरच्या दुकानात. तिथे उत्तम आला. वरळी-दादरकडे वाळलेल्या आणि पडलेल्या फांद्या कापायची कामं तो करतो. सोबत थोरली बहीण तुळसा होती. ती दादरच्या बाजारात मासे विकते. पण भावाचं काहीही विकत घ्यायचं असलं, की निवडायला तीच लागते.

भावेशभाईने आधी एक चकचकीत, रंगवलेला बार पुढे केला. तुळसाताईने तो काचेच्या काउंटरवर कडेवर उभा केला, तर तो डुगडुगला. मग तिने मला उचललं. एक डोळा मिटून माझ्या कडेवरून नजर फिरवली, कुठे वाक आहे का ते पाहिलं. काउंटरवर उभं केलं. मी ताठ. टोकाचं चाक बोटाने फिरवलं. उत्तमच्या पिशवीतली चेन काढून माझ्या खाचेत बसवून पाहिली, ती घट्टही नको आणि ढिलीही नको.

“मावशी, पापलेट घेताय काय?” भावेशभाई हसला.

“पापलेट एका जेवणापुरतं असतं. हा माझ्या भावाच्या हातात राहणार. चेन उसळली तर कोणाच्या अंगावर येईल?”

भावेशभाई मला कागदात गुंडाळू लागला.

पुढची वर्षं सुखाची गेली. उत्तमने मला नीट सांभाळलं. चेनला धार लावली की तो मला भाकरीसारखं उलटवायचा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पडलेल्या फांद्या, माटुंग्याच्या कॉलनीतला वठलेला आंबा, सगळं मी पाहिलं. फिरायला येणारे आजोबा थांबून बघायचे. म्हणायचे, चेन काय झकास आहे. मी मनात म्हणायचो, असू दे.

मग तो दसरा आला. त्याच संध्याकाळी तुळसाताईच्या लेकीचा, कीर्तीचा, साखरपुडा होता, वरळीच्या त्यांच्या चाळीच्या अंगणात. सकाळी उत्तमने मशीन सोडवलं, सगळे भाग पुसून पाटावर मांडले. हळद, कुंकू, झेंडू, अक्षता. माझ्या शेपटीकडे एक बारीक भोक आहे. त्यातून तेल येतं, खाचेत उतरतं, म्हणून चेन तापत नाही. उत्तमला त्या दिवशी ते भोक माझं कपाळ वाटलं. भरपूर ओलं कुंकू, वर अक्षता, आणि अंगठ्याने छान दाबून टिळा. भक्ती मोठी, पण माझा श्वास बंद. मग मशीन पुन्हा जोडून त्याने देव्हाऱ्याजवळ ठेवलं.

दुपारी सगळे घरात जेवत असताना अंगणातल्या रेनट्रीची मोठी फांदी कडाडली आणि बरोबर मांडवाच्या जागेवर, वाट अडवून पडली. लागलं कोणाला नाही. पण संध्याकाळी नवऱ्याकडची मंडळी येणार होती.

उत्तम चाचरला. पूजलेल्या हत्याराला आज हात लावत नाहीत, म्हणाला.

“मग जावई फांदीवरून उडी मारून येणार?” तुळसाताई म्हणाली. “देवाला मी सांगते. तू चालू कर.”

त्याने चालू केलं. अर्ध्या मिनिटात माझ्यातून धूर निघू लागला. माझी खाच तापून निळी पडायला आली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण आम्हाला तोंड कुठे? “म्हातारा झाला हा,” उत्तम म्हणाला आणि मला काढून टाकीपाशी भंगारात टाकलं. शेजारचा राजरत्न स्कूटर काढून जवळच्या दुकानातून नवा बार घेऊन आला. लांबी तेवढीच, रंग झगझगीत, पण खाच आमच्या चेनला मोठी. चेन आत डुलू लागली, काप केळ्यासारखा वाकडा गेला आणि मशीन लाकडात अडकलं. उत्तमने घाईने ते बंद केलं. कसंबसं ओढून काढलं.

मेंदीचे हात वर धरून कीर्ती गॅलरीत उभी होती. तिने मामाकडे पाहिलं, आणि मामाने जमिनीकडे.

तुळसाताईने नव्या साडीचा पदर खोचला आणि भंगारातून मला उचललं. तसाच एक डोळा मिटला. मला ओट्यावर उभं केलं. मी अजून ताठ.

“सरळ तर आहे,” ती म्हणाली. मग खाचेतून नख फिरवलं, ते लाल झालं. मला उलटसुलट करत ती भोकापाशी थांबली. अंबाड्यातला आकडा काढून तिने भोक टोकरलं. आधी करपलेल्या कुंकवाचा गोळा निघाला, मग तांदळाचे दाणे.

“उत्त्या, देवाला नैवेद्य दाखवतात रे. नरड्यात कोंबत नाहीत.”

सगळी चाळ हसली. उत्तमचे कान कुंकवाहून लाल झाले, पण हसला तोही.

मला पुन्हा बसवलं. मशीन चालू करून उत्तमने माझं टोक एका जुन्या पुठ्ठ्यासमोर धरलं. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली. तुळसाताईने मान हलवली. मग मी आणि चेन जे निघालो, ते फांदीचे गोल गोल तुकडे पाडूनच थांबलो.

संध्याकाळी खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा त्याच तुकड्यांवर पाहुणे बसले. नवऱ्याचे वडील बसल्या जागी लाकडावर हात फिरवत म्हणाले, काप काय सरळ आहे, कोणी केलाय? उत्तमने बहिणीकडे बोट दाखवलं. बहिणीने माझ्याकडे.

मित्रांनो, तो नवा बारही वाईट नव्हता, त्याची आमच्या चेनशी जोडी नव्हती इतकंच. म्हणून वस्तू घेताना रंगावर जाऊ नका. हातात घ्या, उभी करून बघा, कोणासोबत नांदायची आहे ते बघा. आणि ती एक दिवस कुरकुरली, तर भंगारात टाकण्याआधी विचारा, बाई, तुझा श्वास कुठे अडकलाय?

आता दर दसऱ्याला उत्तम मला पाटावर ठेवतो आणि हळदकुंकू घेऊन बसतो. तुळसाताई शेजारी येते, माझ्या भोकावर स्वतःचा अंगठा घट्ट ठेवते आणि म्हणते, “हां, आता लाव.”